मॅडम, ही लिंक टाकू का?

"एवढी चांगली ऑफर आलीय, नाही म्हटलं तर चान्स जाईल आणि हो म्हटलं नि लोक फसले तर तोंड कुठे लपवू?" दुसऱ्याच्या मालाची लिंक टाकून कमिशन घ्यायच्या ऑफरचा हा प्रश्न घेऊन हल्ली माझ्याकडे कुडाळला बऱ्याच जणी येतात, रील्स करणाऱ्या, होमस्टेवाल्या, घरगुती मसाले विकणाऱ्या. त्यातल्या एकीचं सांगते, तिला विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून.

ती वेंगुर्ल्याकडची, मालवणी जेवणाचे व्हिडिओ करते. शुगर कमी करणारी एक पावडर प्रमोट करायची, विक्रीवर ४० टक्के कमिशन अशी ऑफर आलेली आणि बाईची झोप उडालेली. "माका कळना नाय काय करूचा ता," म्हणत तिने मोबाईलच माझ्या हातात दिला. मेसेज होता की आज रात्री १२ पर्यंत फक्त ५ जागा, आधी २,९९९ ची स्टार्टर किट घ्या, आणि खाली तिघींना जोडलंत की त्यांच्या कमाईतला हिस्सा वेगळा.

मी म्हटलं, ही १२ वाजताची घाई त्यांची आहे, तू कशाला अंगावर घेतेस. अफिलिएटच्या कामात साधारणपणे जोडलं जायला पैसे लागत नाहीत, आपल्या लिंकवरून माल खपला की कमिशन, एवढंच. जिथे आधी आपल्याच खिशात हात घालतात आणि माणसं जोडण्यावर कमाई सांगतात तिथे माल नुसता नावाला असतो, आणि २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांत अशा पिरॅमिड स्कीमना बंदीच आहे.

पुढच्या वेळी ती डबाच घेऊन आली. लेबलवर फूड लायसन्सचा नंबर होता, तो १४ आकडी असतो, आम्ही दोघींनी बोट ठेवून मोजले तर १३. परत मोजले, तेवढेच. ती हसली आणि मग एकदम गप्प झाली. "१५ दिवसांत डायबेटिस गायब" असंही छापलेलं, म्हणजे १९५४ च्या कायद्याने ज्या दाव्याच्या जाहिरातीला मनाई आहे तो दावा हिने कॅमेऱ्यासमोर करायचा. २०१९ च्या ग्राहक कायद्यात फसव्या जाहिरातीसाठी प्रमोट करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पण दावा खरा आहे का हे त्याने नीट तपासलं असेल तर तो सुटतो. हे ऐकून तिचा चेहरा जरा सैल झाला, कारण तपासणं तिच्या हातात होतं.

खरं दुखणं वेगळंच निघालं. ऑफर नणंदेने आणलेली, डबा तिचाच, तिने किट घेऊन टाकलेली, आता वहिनीने नाही म्हटलं तर घरात वाजणार. (बऱ्याच केसमध्ये स्कीम आणणारं माणूस घरातलंच असतं, म्हणून तर आपण कागद मागत नाही.)

दुसरी एक ऑफर होती, बिडाच्या तव्यांची, कमिशन ८ टक्के, म्हणून तिने बघितलीच नव्हती. म्हटलं हिच्यावर प्रॅक्टिस कर. तिने स्वतःच्या पैशाने तवा मागवला, घावणे घातले, पहिले दोन चिकटले, मग सुटायला लागले. एक कढई मागवून मुद्दाम परत केली, पैसे येतात का बघायला, आले. कंपनीला लेखी विचारलं, लिंकवर क्लिक केल्यावर किती वेळात खरेदी झाली तर कमिशन धरता (अ‍ॅमेझॉनकडे साधारण २४ तास असतात), माल परत आला तर कमिशन कापता का, किती जमल्यावर पैसे सोडता. उत्तरं सरळ आली. मग तिने व्हिडिओ केला आणि सुरुवातीलाच सांगितलं की या लिंकवरून घेतलात तर मला कमिशन मिळतं, तसंही ते सांगणं बंधनकारकच आहे. पहिल्या महिन्यात काही फार आले नाहीत, किराण्याचं बिल निघेल एवढे.

नणंदेसाठी आम्ही एक वाक्य बसवलं, "वन्सं, मी स्वतः वापरून, परत करून बघितल्याशिवाय कायच दाखवत नाय, तवापण तसाच घेतला." पावडर वाईट, तुम्ही फसलात, असलं काही बोलायचं नाही. तरी वन्सं रुसल्याच. मग एक दिवस त्यांनीच फोन करून विचारलं, किटचे पैसे परत मिळतील का. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, पैसे अजून आलेले नाहीत.