भाच्याला आमच्याकडे ठेवून घेऊ का?

प्रश्न: माझी बहीण 3 वर्षांपूर्वी गेली. तिचा मुलगा 14 वर्षांचा, मालवणजवळ वडिलांकडे राहतो पण नुसता नावाला, भावोजी दारू पिऊन पडलेले, घरात चूल पेटत नाही, शेजारच्या काकी भाकरी देतात. गणपतीला आमच्याकडे देवगडला आला तेव्हा शाळेच्या शर्टाला एक बटण नव्हतं, सगळ्या सेफ्टी पिना. त्याला परत पाठवायलाच नको वाटतं.

उत्तर: ताई, त्या पिनांचं वाचून पोटात कालवलं हो. पण गुपचूप ठेवून घेऊ नका, उद्या भावोजींनी पोलिसात तक्रार केली तर तुम्हीच अडकाल. आधी 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला लेखी कळवा, मुलाकडे लक्ष दिलं जात नाही हे बघणं त्यांचं कामच आहे. कायमचा ताबा हवा तर 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज करायचा, तोही मुलगा राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे ओरोसच्या जिल्हा कोर्टात. वडील आहेत म्हणून ताबा त्यांनाच असं नसतं, कोर्ट मुलाचं भलं बघतं, आणि 14 वर्षांच्या पोराला स्वतःचं मत असतं, ते जज विचारात घेतात. म्हणून त्याला पढवू मात्र अजिबात नका. शाळेतल्या बाई, त्या काकी, यांचं म्हणणं लिहून घ्या. वकिलाच्या फीची काळजी नको, विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. अर्ज चालू असताना तात्पुरता ताबाही मागता येतो, तो पहिल्याच तारखेला मागा.