कासव किती खोल गेलं, हे कळतं कसं?

पाण्याखाली जीपीएस चालत नाही, मग कोकणातल्या, पाठीवर टॅग (उपग्रहाला संदेश पाठवणारं छोटं यंत्र) लावलेल्या कासवांची खोली कशी कळते, आणि नकाशावरचा त्यांचा ठिपका थांबला म्हणजे कासव मेलं का, असं तुम्ही विचारलंय.

खोली उपग्रह मोजतच नाही. ती टॅगमधला दाबाचा सेन्सर मोजतो. समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. अवघड असतं ते ही नोंद परत मिळवणं. १९६०च्या दशकात जेराल्ड कूयमन यांनी अंटार्क्टिकात वेडेल सीलवर स्वयंपाकघरातल्या टायमरपासून बनवलेलं यंत्र बसवलं. टायमर काजळी धरलेली काच फिरवायचा आणि दाबाने हलणारी सुई तिच्यावर रेघ ओढायची. बर्फाला भोक पाडलं होतं ते अशा जागी, की आसपास दुसरं भोकच नव्हतं. श्वासासाठी सीलला तिथेच परत यावं लागे आणि यंत्र हाती लागे. मला ही युक्ती अजूनही थक्क करते. पुढे कॅलिफोर्नियातल्या एलिफंट सीलच्या नोंदी मिळाल्या त्याही माद्या आपल्याच किनाऱ्यावर परततात म्हणून. सरासरी वीसेक मिनिटांची बुडी, वर जेमतेम दोन-तीन मिनिटं, असं रात्रंदिवस, महिनोन् महिने!

जानेवारी २०२२ मध्ये रत्नागिरीतल्या वेळासला टॅग लावलेली ‘प्रथमा’ ही कासवाची मादी पुन्हा हाती लागेल याची मात्र खात्री नसते. म्हणून अशा टॅगवर खाऱ्या पाण्याचा स्विच असतो. पाठ पाण्याबाहेर आली की तो कोरडा पडतो आणि टॅग संदेश सोडतो. कासव श्वास घेऊन काही सेकंदांत पुन्हा खाली जातं, आणि टॅगचे संदेश टिपणाऱ्या ‘आर्गोस’ या उपग्रह यंत्रणेच्या एका संदेशात फार तर ३२ बाइट मावतात. त्यामुळे खोली मोजणारे असे बरेच टॅग प्रत्येक बुडी न पाठवता गोषवारा पाठवतात: ठरावीक तासांत कोणत्या खोलीपर्यंत किती बुड्या. तो तक्ता म्हणजे बुड्यांचा आलेख समजू नका. सेन्सरचा शून्यही हळूहळू सरकतो. कासव पृष्ठभागावर असताना दोन मीटर दिसत असतील, तर तेवढे आधी वजा करा, नाहीतर उथळ बुड्यांचा हिशेब पार चुकतो.

ठिपका थांबण्याची कारणं बहुतेकदा साधी असतात: बॅटरी संपते, अँटेना मोडतो, स्विचवर बार्नेकल (चिकटून बसणारे, कवचाचे समुद्री जीव) चढतात, टॅगच निखळतो. मृत्यूही शक्य आहे, पण नुसत्या शांततेवरून तो ठरवता येत नाही. २०२१ मध्ये ओडिशात वल्ह्यासारख्या पायावर धातूचा साधा बिल्ला लावलेलं एक ऑलिव्ह रिडले जातीचं कासव २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलं. मधली सगळी वर्षं त्याचा एकही ठिपका कुठे उमटला नव्हता.