ग्वाल्हेरचा अंतरा

इंदूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पाच पानी पत्र दोनदा वाचले. पहिल्या पानावर मुंबई, तिसऱ्यावर पुणे, शेवटच्या पानावर पुन्हा मुंबई. मध्येच कुठेतरी आपले इंदूरचे रवींद्र नाट्यगृह डोकावते आणि ‘घरच्या घरी बरे पडेल’ एवढे म्हणून तू ते सोडून देतोस. तुमच्या बँडकडे पैसे एकाच कार्यक्रमाच्या चित्रीकरणापुरते आहेत, म्हणून शहर कोणते निवडावे हा तुझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तूच दुसऱ्या पानाच्या तळाशी कंसात लिहून ठेवले आहेस. ग्वाल्हेरला ऐन अंतऱ्याच्या तोंडाशी गायकाचा माइक बंद पडला आणि दुसरा आणेपर्यंत समोरच्या पोरांनी अख्खा अंतरा म्हणून टाकला, असे तू लिहितोस, आणि लगेच पुढच्या ओळीत तिथली साउंड सिस्टिम किती भिकार होती याचे रडगाणे सुरू करतोस. अरे, ते वाक्य कंसात लिहायचे असते का?

जिथे लोकांना अंतरा पाठ आहे, तिथे कॅमेरे लावायचे. मुखडा कोणालाही येतो. दुसऱ्या फेरीला पहिल्यांदाच ऐकणारा माणूसही तो गुणगुणू लागतो. अंतरा पाठ व्हायला मात्र ते गाणे घरी, बसमध्ये, वसतिगृहाच्या गच्चीवर पुन:पुन्हा ऐकलेले असावे लागते. कॅमेऱ्याला गर्दी मोठी करून दाखवता येते, टाळ्या नंतर मिक्सिंगमध्ये भरता येतात, परंतु हलणारे ओठ कुठून आणशील?

रश या कॅनडाच्या बँडचे उदाहरण घे. 23 नोव्हेंबर 2002 रोजी रिओ दि जानेरोच्या माराकाना स्टेडियममध्ये त्यांनी चित्रीकरण केले. पावसामुळे सामानाचे ट्रक उशिरा पोहोचले आणि साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, झालाच नाही. त्या ध्वनिमुद्रणात गर्दीचाच आवाज फार आहे अशी तक्रार पुढे अनेकांनी केली, आणि ती खोटी नाही. पण ‘वायवायझेड’ या त्यांच्या रचनेत एकही शब्द नाही, तरी हजारो लोक उड्या मारत तिची चाल म्हणतात, हे एकदा पाहिल्यावर साउंडचेक कोणाच्या लक्षात राहतो? याच बँडने 2011 साली क्लीव्हलँड निवडले, कारण 1974 मध्ये तिथल्या रेडिओ केंद्राने त्यांचे गाणे वाजवले आणि अमेरिकेत त्यांचे नाव झाले. पहिल्यांदा कोणी ऐकले, याचा त्यांना विसर पडला नव्हता.

माझ्या बँडला मात्र तो पडला होता. 1996 साली मुंबईचा हट्ट धरला तो मीच. देवासच्या एका कॉलेजात आमचा अंतरा म्हटला जात असे, पण कॅसेटवर देवासचे नाव शोभणार नाही, असे मी बैठकीत ठणकावून सांगितले. मुंबईच्या त्या सभागृहात दोनतृतीयांश खुर्च्या रिकाम्या राहिल्या. दीड तासाच्या त्या टेपमध्ये प्रेक्षकांचा म्हणून एकच क्लोजअप आहे: तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ कार्यक्रमपत्रिकेची घडी घालून तिने वारा घेत आहेत. आता यात सगळा दोष माझाच, असे आमचा ड्रमर आजही म्हणतो. ते मला मान्य नाही. मुंबईचे नाव सांगितल्याशिवाय तेव्हा आमच्यासारख्यांना कॅसेट कंपनीच्या दारात कोणी उभे करत नसे, आणि रेल्वेच्या तिकिटांचे पैसे त्यानेही हसतहसतच काढले होते. असो. हे तुला सांगण्याचे कारण नव्हते.

इंदूरबद्दलही सांगून ठेवतो, कारण तुझी आई तोच आग्रह धरील. घरचे लोक तुमच्यासाठी टाळ्या वाजवतात, गाण्यासाठी नव्हे. तुझी आत्या पहिल्या रांगेत उभी राहून मोबाइलवर तुला टिपत असते. तिला अंतरा येत नाही, तू किती वाळलास एवढेच ती पाहते.

तुमच्या बेसिस्टची ‘अर्धे पुण्यात, अर्धे ग्वाल्हेरला’ ही सूचना तर ऐकूच नकोस. लेड झेपेलिन या इंग्लिश बँडने जुलै 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तीन रात्री चित्रीकरण केले. एकच सभागृह असूनही तुकडे जुळेनात, म्हणून नंतर इंग्लंडमध्ये शेपर्टन स्टुडिओत तोच मंच पुन्हा उभारावा लागला. तोवर त्यांचा बेसिस्ट जॉन पॉल जोन्स याने केस कापले होते, त्यामुळे बिचाऱ्याला टोप घालून वाजवावे लागले. चित्रपट बाहेर पडायला 1976 उजाडले. तुमच्याकडे टोपाचेही पैसे नाहीत.

आता साउंडचे. सिस्टिम भिकार असेल तर इंदूरहून ट्रकने ने. पाचशे किलोमीटर म्हणजे काही समुद्रापार नाही. मंचाच्या दोन्ही कडांना प्रेक्षकांकडे तोंड केलेले माइक लाव आणि त्यांचे ट्रॅक वेगळे ठेव, नाहीतर जो अंतरा टिपायला एवढे लांब जायचे तोच ऐकू येणार नाही. लाइटवाला समोर काळोख ठेवील. पहिल्या आठ-दहा रांगांवर मंद पिवळा प्रकाश हवाच, हे त्याला आदल्या दिवशी सांग आणि कार्यक्रमाच्या दिवशी पुन्हा सांग. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे सगळ्या कॅमेऱ्यांचे शटर 1/50 सेकंदावर ठेवायला लाव, म्हणजे दिवे लुकलुकणार नाहीत.

आणि गायकाला बजाव: अंतऱ्याला माइक लोकांपुढे धरून ‘आवाज, आवाज’ करायचे नाही. दोन पावले मागे सरायचे आणि तोंड मिटून उभे राहायचे. त्यांना येतो तो.

माझी मुंबईची टेप पाहायची असल्यास येऊन घेऊन जा. तिला बुरशी लागली आहे, पण तिसऱ्या रांगेतले ते गृहस्थ अजून स्वच्छ दिसतात.

तुझा,
काका