तीनशे टक्के लाभांश आणि सात टक्के व्याज

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात राहतो आणि टी.वाय.बी.कॉम.ला आहे. एका कंपनीने ३०० टक्के लाभांश दिल्याचे वाचले. वडील मात्र आंब्याचे पैसे ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीतच ठेवतात. त्यांचे चुकते का? आणि मला याच क्षेत्रात यायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सप्रेम नमस्कार. वडिलांचे काही चुकत नाही. चुकली आहे ती तुम्ही केलेली तुलना. लाभांशाची टक्केवारी समभागाच्या दर्शनी मूल्यावर, म्हणजे कंपनीने त्यावर नोंदलेल्या मूळ किमतीवर सांगतात, बाजारभावावर नव्हे. दर्शनी मूल्य २ रुपये असेल, तर ३०० टक्के म्हणजे ६ रुपये. तोच समभाग तुम्ही ८०० रुपयांना घेतला असेल, तर तुमच्या पैशावर हाती आला तो पाऊण टक्का. ठेवीचे ७ टक्के मात्र ठेवलेल्या रकमेवरच मोजलेले असतात.

घरची बाग आहे, म्हणून तिच्याच भाषेत सांगतो. व्याज म्हणजे बाग कराराने देऊन घ्यायची ठरलेली रक्कम : मोहोर गळाला तरी करारदाराने ती द्यायची असते, आणि भीती उरते ती करारदारच बुडण्याची. (बँक ठेवींना त्यासाठीच प्रत्येक बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे.) लाभांश म्हणजे स्वतः राखलेल्या बागेचा नफा. तो दिलाच पाहिजे असे कंपनीवर बंधन नाही. संचालक मंडळ शिफारस करते, वार्षिक सभेत भागधारक मंजुरी देतात आणि त्यानंतर ३० दिवसांत तो द्यावा लागतो. नफा न वाटणारी कंपनी वाईटच, असेही समजू नका. नवी कलमे लावणारा बागायतदारही त्या वर्षी घरी कमीच पैसे आणतो.

आंबा उतरल्यावर बाग विकत घेणाऱ्याला त्या हंगामाचे फळ मिळत नाही. रेकॉर्ड डेटचे, म्हणजे ज्या दिवशी भागधारक म्हणून नोंद असलेल्यांनाच लाभांश मिळतो त्या तारखेचे, तत्त्व हेच आहे. त्या दिवशी समभागाचा भावही साधारणपणे लाभांशाएवढा उतरून उघडतो, त्यामुळे आदल्या दिवशी समभाग घेऊन लाभांश पदरात पाडून घेण्याची जी युक्ती मुले मला मोठ्या उत्साहाने सांगतात, तिच्यातून बहुधा काहीच सुटत नाही. शिवाय २०२० पासून लाभांशही व्याजाप्रमाणेच भागधारकाच्या उत्पन्नात धरून त्यावर कर आकारला जातो.

आता करिअरविषयी. सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाने स्थापन केलेल्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेचे संकुल आपल्या कोकणातच, रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. तिची म्युच्युअल फंड वितरकांची परीक्षा पदवीच्या अभ्यासाबरोबर देता येते आणि प्रमाणपत्र ३ वर्षे चालते. मात्र वितरकाची कमाई कमिशनवर असते, हे आधीच ध्यानात घ्या. तुमचा ओढा विश्लेषणाकडे दिसतो, आणि त्यासाठी सीए किंवा सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय पात्रता) यांची लांबची वाट धरावी लागेल.

तोवर ज्या कंपनीविषयी वाचलेत, तिचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि त्यातले रोख प्रवाह पत्रक, म्हणजे वर्षभरात रोकड कुठून आली आणि कुठे गेली याचा तक्ता, उघडा. वाटलेला लाभांश हा व्यवसायातून आलेल्या रोकडीपेक्षा मोठा दिसला, तर उरलेला पैसा कर्जातून आला की जुन्या शिलकीतून, ते शोधून मला कळवा.