आकडी लांबली तर आधी काय बघशील

इंदूरच्या कॅज्युअल्टीत तुझी पहिली रात्रपाळी, म्हणून आधीच सांगते. धार-खरगोनकडून जीपमध्ये घालून पेशंट आणतात, नातेवाईक वाटभर कांदा हुंगवत आलेले असतात. त्यांच्यावर ओरडू नकोस. एवढंच विचार: झटका कधी सुरू झाला? मध्ये शुद्धीवर आला होता का? आधी कधी मिर्गी होती का?

हा तिसरा प्रश्न फार मोलाचा. जुना अपस्माराचा पेशंट, गोळ्या सुटल्या म्हणून आलेला, बहुधा वाचतो. ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच आकडी आली आणि तीच थांबेना, त्याची मला जास्त धास्ती वाटते. मागे पक्षाघात असू शकतो, मेंदूज्वर असू शकतो, किंवा हृदय बंद पडून मेंदूचा प्राणवायू तुटलेला असू शकतो. सुरुवातीच्या दिवसांतले मृत्यू बरेचदा या मूळ कारणानेच होतात. वय 65 किंवा त्याहून जास्त आणि येतानाच खोल बेशुद्धी, हेही वाईटच. पेशंटच्या जिवाचा धोका सांगणाऱ्या स्टेस नावाच्या 0 ते 6 गुणांच्या मोजणीत वय, शुद्ध, झटक्याचा प्रकार आणि पूर्वेतिहास हेच बघतात. गुण कमी आले तर दिलासा खरा. जास्त आले म्हणून हात आखडू नकोस.

अंगभर झटके 5 मिनिटं चालले की वाट बघायची नाही. साखर तपास, लोराझेपाम हे झटका थांबवणारं औषध पूर्ण मात्रेत दे. श्वास बंद पडेल या भीतीने नवे डॉक्टर अर्धंच देतात, आणि झटका लांबतो.

हातपाय शांत झाले तरी पेशंट जागा होत नसेल तर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, माग, रात्रीचे तीन वाजले असले तरी. आतल्या आत झटके चालूच असू शकतात.