जुन्या चित्रकारांबद्दलची हस्तलिखित कागदपत्रं वाचण्यात लोकांना एवढं काय मिळतं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की छापील चरित्रं मिळत असताना ती किचकट अक्षरं लावत कशाला बसायचं. मुद्दा बरोबर आहे, पण चरित्र लिहिणाऱ्याला आधीच माहीत असतं की हा माणूस थोर आहे, आणि हे कागद लिहिणाऱ्या कारकुनाला मात्र त्याच्या थोरपणाचं काही पडलेलं नसतं. मला तरी सगळी गंमत तिथेच वाटते.

इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचंच घ्या. १६०४ साली रोममधल्या एका वेटरने त्याच्याविरुद्ध तक्रार दिली. म्हणे मी आठ आर्टिचोक (एक भाजी) आणले, चार लोण्यातले, चार तेलातले, याने विचारलं कुठले कुठले, मी म्हटलं वास घेऊन बघा ना कळेल, तर याने ताटच उचलून माझ्या तोंडावर मारलं. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची जबानी आहे, त्याच्या म्हणण्यानुसार वेटरनेच एक उचलून स्वतःच्या नाकाला लावला होता! म्हणजे चारशे वर्षं झाली तरी चूक कोणाची हे तुम्हीच ठरवा. तोपर्यंत त्याची चर्चमधली मोठी चित्रं लागलेली होती, रोममध्ये नाव झालेलं होतं, पण लिहून घेणाऱ्यासाठी तो फक्त एक आरोपी.

डच चित्रकार रेम्ब्रांट १६५६ मध्ये दिवाळखोरीत गेला तेव्हा घरातल्या सामानाची खोलीवार यादी केली गेली, ३६३ नोंदी. चित्रं, पुतळे, शिंपले, शिरस्त्राणं, आणि शेवटी धुवायला टाकलेले कपडे, त्यात शर्ट, रुमाल, कॉलर वगैरे. धुण्याचे कपडेसुद्धा सोडले नाहीत हो. पुढे त्या घराचं म्युझियम झालं, आणि खोल्या परत पूर्वीसारख्या लावायला हीच यादी कामाला आली.

आता हस्तलिखितच का, तर मायकेलअँजेलोने १५१८ च्या एका पत्राच्या मागे जेवणाची यादी केलीय, पाव, वाइन, मासा असं, आणि प्रत्येक पदार्थाच्या बाजूला छोटंसं चित्र काढलंय. नोकराला वाचता येत नसेल म्हणून काढलं असावं असा अंदाज आहे. छापील पुस्तकात ही यादी दोन ओळींत संपते, चित्रं गेली की उरतं काय, किराणा!

एक मात्र आहे, या कागदांवर फार विसंबू नये. भांडणारा माणूस पोलिसांच्या दप्तरात भरपूर सापडतो आणि गप्प बसणारा सापडतच नाही, त्यामुळे काराव्हाज्जो म्हणजे कायम तलवार उपसलेला असं डोक्यात बसतं. उलट डच चित्रकार व्हर्मीरचं स्वतःचं एक पत्र, एक डायरी माहीत नाही, त्याच्याबद्दल जे कळतं ते कर्ज, वारसा, घरातल्या सामानाच्या नोंदी असल्या कागदांतून, जसं की तो गेल्यावर बायकोने पावाच्या उधारीपोटी बेकरीवाल्याला दोन चित्रं दिली आणि पैसे फेडले की ती परत मिळावीत अशी अट घातली.

सुरुवात करायची असेल तर व्हॅन गॉगच्या पत्रांपासून करा. मूळ पानांचे फोटो आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत, अक्षर लावत बसायची कटकट नाही, आणि मजकुराच्या मधेच त्याने काढलेली स्केचेस तशीच बघायला मिळतात.