भाची की पुतणी?

"मॅडम, हिला नाती कळतच नाहीत. रोज दहा वाक्यं लिहून घेते, तरी तेच." इंदूरच्या एका मराठी घरातली आई सहा वर्षांच्या लेकीला घेऊन आली होती. मुलीला इथे चिऊ म्हणते. वहीत वाक्यं होती : "आईच्या भावाला मामा म्हणतात. वडिलांच्या बहिणीला आत्या म्हणतात." चिऊला सगळी तोंडपाठ. पण "बाबा आत्याचे कोण?" असं विचारलं की ती म्हणे, "बाबाच!" शाळेत हिंदीतली बुआ आणि घरी आत्या, यानेच गोंधळ होतोय का, ही आईची दुसरी धास्ती.

बुआची काळजी मी तिथेच मिटवली. मैत्रिणींशी बोलताना बुआ आणि आजीपाशी आत्या, यात चिऊ एकदाही चुकत नव्हती. समोरचा माणूस ओळखून शब्द निवडणारी मुलगी गोंधळलेली कशी?

"बाबाच" हे उत्तर तिच्या वयाचं होतं. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९२० च्या दशकात मुलांना असेच प्रश्न विचारले होते. मला भाऊ आहे म्हणणारं लहान मूल, त्या भावाला मात्र भाऊ नाही, असंही सांगे. दुसऱ्याच्या जागेवरून नातं बघणं हळूहळूच जमतं. त्यात "वडिलांच्या बहिणीला" म्हटलं की एकदम दोन नाती सांभाळायची.

मी वही मिटली आणि आईच्या फोनमधले फोटो काढायला सांगितले. चिऊ सांगत गेली, मी लिहीत गेले. "आत्या बाबांना दादा म्हणते." "मामा आला की रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खायला नेतो." "मामा आईला ताई म्हणतो आणि तिची वेणी ओढतो." हे शेवटचं सांगताना ती खुदकन हसली. मग विचारलं, "मामा ताई म्हणतो, तर आई मामाची कोण?" "बहीण!" घरीही आठवडाभर एकच नातं, असंच उलटसुलट बोलायचं ठरलं. जी माणसं मुलाच्या रोजच्या जगात आहेत त्यांच्यापासूनच सुरुवात करावी, असं मी सगळ्याच पालकांना सांगते.

तिसऱ्या भेटीत चिऊ म्हणाली, "मी आत्याची भाची."

"अगं, भाची मामाची. आत्याची पुतणी!" आईने लगेच दुरुस्त केलं.

चूक आईची होती. हिंदीत आत्यासाठी भावाची मुलगी भतीजी, म्हणून तिच्या मनात पुतणी बसलेली. मराठीत पुतणी काका-काकूंची. मामा, मावशी आणि आत्या, तिघांचीही भाचीच. चिऊला हे आजीने सांगितलं होतं, आणि वहीत त्यावर लाल रेघ पडत होती. आईचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "हिंदीत शिकलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणींचं असं होतं. आजींना विचारत जा."

तेवढ्यात चिऊने विचारलं, "मग आई, तू आत्याची कोण?"

"वहिनी. आणि ती माझी नणंद."

चिऊला नवा शब्द फार आवडला. त्या दिवशीचं वाक्य तिने स्वतःच सांगितलं : "आत्या आईची नणंद आहे, पण बाबांपेक्षा आईलाच जास्त फोन करते."